शून्य नाकावर की पंखाखाली

३ ऑगस्ट
घसा बसलाय. अलिबागच्या प्रचारसभेत पुन्हा तेच भाषण, त्याच टाळ्या. घरी येऊन संगणकावर विमानाचा सिम्युलेटर उघडला, तर त्यातल्या दिघीच्या खाडीत आमच्या हौशी गटानं बनवलेलं समुद्रविमान शेपटीवर बसलेलं. त्याला पाण्यावर तरंगत ठेवणारे फ्लोट पार नाकाखाली सरकलेत.
कारण कळलं. धडाची मापं मी नाकाच्या टोकापासून घेतली. फ्लोट म्हसळ्याच्या इम्तियाजभाईंचे; त्यांनी पंखाखालच्या गुरुत्वमध्यापासून मोजले. एका विमानाला दोन शून्यं.

४ ऑगस्ट
इ.भाईंचा फोन.
"ताई, विमान तोलावर उडतं, नाकावर नाही."
"तोल इंधन संपेल तसा सरकतो. नाक जागचं हलत नाही."
"तुमचं तर मुळीच नाही."
मी चिडले. गटावर लांबलचक लिहिलं: पाया, निष्ठा, ढळणारी तत्त्वं, सगळं. इ.भाई सोडून सगळ्यांनी नाकाला मत दिलं.

८ ऑगस्ट
आगरदांड्याला जाताना फेरीबोटीत इ.भाई भेटले. कुवेतमध्ये आयुष्यभर ड्रॉइंग काढलेला माणूस, चष्मा पुसत म्हणाले, "भाषण वाचलं. छान होतं. आम्ही बोलावं असं काही शिल्लक ठेवलं नव्हतंत."
"मग आता?"
"आता काय. फ्लोट तुम्हीच करा."
पुढे पाऊसपाण्याच्या गप्पा. उतरताना माझी पिशवी त्यांनीच धरली.

९ ऑगस्ट
फ्लोटच्या तळाची बाकदार वळणं मला जमत नाहीत. विमान त्यांच्याशिवाय पाण्यावर उतरणार नाही.
शिवाय शून्य कुठेही चालतं, एकच असलं म्हणजे झालं. त्यांच्या प्रत्येक मापात नाक ते गुरुत्वमध्य एवढं अंतर मिळवायचं, संपलं. बेरजेचं काम होतं. मी सभा घेतली.
बोलून बोलून थकलेय, तरी तोंड आधी उघडतं.

११ ऑगस्ट
सगळं त्यांच्या शून्याला आणलं. इंजिन, खुर्च्या, दारं. पंखापुढचं सगळं उणे. चिन्हं घालून बोटं दुखली. फ्लोटना हात लावला नाही. गटाला कळवलं, ठराव मी मोडलाय. दोघांनी विचारलं, मग मतदान कशाला घेतलंत?

१२ ऑगस्ट
दिघीला विमान सपाट उभं राहिलं. किंचित डुललं, स्थिरावलं. चित्र इ.भाईंना पाठवलं, सोबत एकही शब्द नाही. मला हे जड गेलं.
संध्याकाळी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. बराच वेळ "टाइप करत आहे" दिसलं, मग तेही गेलं.
माझं मत अजून नाकाचंच आहे. त्यांनी विचारलं तर सांगेन.