चौकातली कॅमेऱ्याची गाडी

प्रिय ताई,

इतक्या दिवसांनी माझं अक्षर बघून दचकशील. मी बरी आहे. एका शिंप्याच्या दुकानात कामाला लागलेय; पँटी आखूड करते, चेन बदलते, इस्त्री मारते. मास्तर तोंडाने फटकळ, पण मनाचे चांगले. राहायला खोलीही मिळाली. कुठे, ते विचारू नकोस.

हल्ली आमच्या चौकात पोलिसांची गाडी उभी असते. टपावरचे कॅमेरे येणाऱ्या-जाणाऱ्याचा चेहरा यादीतल्या फोटोंशी ताडून बघतात. दुकानात दुसरा विषय नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, बरं झालं, चोरांना चाप बसेल. मास्तरांचं आपलं एकच, "कर नाही त्याला डर कशाला?" काजं करणारी मावशी तेवढी पुटपुटली, "यादीत नावं कोण घालतं, ते विचारा की." सगळे हसले. मी खाली मान घालून मशीन चालवत राहिले. कुणाच्या काडीला मी हात लावलेला नाही, तरी मागच्या बोळातूनच ये-जा करायला लागले.

परवा बोळ खणून ठेवला होता. चौकातून जावं लागलं. गाडी ओलांडली न ओलांडली तोच एक पोलीस बाई मागून धावत आली. मी पाय उचलला. ती मात्र हसत होती. "अहो, सापडलात तुम्ही! घरचे किती शोधताहेत!" हातातल्या पडद्यावर माझा फोटो होता. चोरांच्या नव्हे, हरवलेल्यांच्या यादीतला. मी म्हटलं, मी हरवले नाही, निघून आलेय. पत्ता कुणाला देऊ नका. तिचं हसू मावळलं. सज्ञान आहात, नाही देणार, म्हणाली. पण काहीतरी टिपून घेतलंच. तेव्हापासून जिन्यात पाऊल वाजलं की मी दाराला कान लावते.

ताई, तो फोटो तू तुझ्या गच्चीवर काढलेला. दुसऱ्या कुणाकडे नव्हताच. तक्रार तू काळजीपोटी दिलीस, की माझ्या नवऱ्याने समोर बसून द्यायला लावली? रडला असेल. त्याला छान रडता येतं. माझा हात मोडला तेव्हाही तोच रडत होता. मी न्हाणीघरात घसरले नव्हते गं.

म्हणून हे पत्र. पोलिसांत जा, बहीण खुशाल आहे म्हणून सांग आणि यादीतून माझं नाव काढायला लाव. त्याला सुगावा लागू देऊ नकोस. पाकिटावर माझा पत्ता नाही. दुकानातल्या मावशीची भाची हे परगावाहून पेटीत टाकेल. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही. पण खरं सांग, हे तू एकटीच वाचते आहेस ना?

तुझीच,
धाकटी