काळा की रुपेरी

२ फेब्रुवारी, सोमवार

नर्सिंग कॉलेजात मॅडमनी आज फर्मान काढलं. केस स्टडी यापुढे हाताने लिहिलेली चालणार नाही. टाइप करायची, छापायची आणि सोळा तारखेला टेबलावर ठेवायची. माझं मोत्यासारखं अक्षर गेलं पाण्यात! शाळेपासून त्याच एका गोष्टीवर मी भाव खात आले होते.

घरी बैठक बसली. शिष्यवृत्ती जमा झाली आहे, तिच्यात लॅपटॉप बसतो. एकच बसतो. चुकीचा आणला तर नर्सिंगची उरलेली दोन वर्षं त्याच्याशीच संसार करायचा.

आई म्हणाली, "झाकण घट्ट बसेल असा बघ. आत मुंग्या शिरतात." दादा गॅरेजात काम करतो, त्यामुळे जगातली सगळी यंत्रं आपल्याला कळतात अशी त्याची समजूत आहे. "आधी आवाज ऐकायचा. इंजिन आवाजावरूनच कळतं." मी म्हटलं, लॅपटॉपला इंजिन नसतं. तर म्हणतो, "म्हणूनच तुला एकटीला दुकानात पाठवायचं नाही."

३ फेब्रुवारी, मंगळवार

केस मिळाली. पुरुषांचा वॉर्ड, खाट अकरा. आजोबा जिन्यावरून पडले. जबडा मोडला, तो तारांनी आवळून ठेवलाय. घशात श्वासाची नळी, म्हणून आवाज नाही. उजवा हात प्लास्टरमध्ये, नुसती बोटं बाहेर. डाव्या हाताला सलाईन. पडताना चष्माही फुटला, नवा अजून झालेला नाही. घरी एकटेच असतात. शेजाऱ्यांनी आणून सोडलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "माणूस तसा शांत आहे."

आता याहून शांत काय होणार!

पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. एवढ्यावर त्यांचं सगळं भागतंय. पहिल्या दिवशी डाव्या हातात पेन देऊन बघितलं होतं म्हणे, कागदावर नुसते कोंबडीचे पाय उमटले. बोटं मात्र सारखी चालू. दोन्ही हातांची, चादरीवर, टकटक टकटक. आख्खा वॉर्ड त्यांना तबलजी म्हणतो.

आणि केस स्टडीचा पहिलाच रकाना — 'रुग्णाची तक्रार, रुग्णाच्याच शब्दांत'. चाळीस जणींत ही खाट मलाच मिळायची होती.

४ फेब्रुवारी, बुधवार

ड्यूटी संपल्यावर दादाबरोबर दुकानात. दुकानदाराने सात दाखवले, माझ्या ऐपतीत दोनच निघाले.

एक रुपेरी. पातळ, हलका, एका हातात मावणारा. बघताक्षणी जीव जडला.

एक काळा. जाड, जुन्या धाटणीचा, पाट्यासारखा जड. त्याच्याकडे बघून काहीच जडलं नाही.

आमच्या वॉर्डात शिकवलंय, नुसत्या दिसण्यावर जायचं नाही, रुग्ण तपासायचा. मग तपासले. दोन्ही अर्धा तास चालू ठेवायला लावले. पोटाखाली हाताची मागची बाजू लावून ताप बघितला. रुपेरीला कणकण, काळा गार. दादा कान लावून पंख्याचा आवाज ऐकत होता. आम्ही दोघं त्या टेबलावर वाकलेलो बघून दुकानदार म्हणाला, "ताई, आजारी नाहीयेत हो ते. कालच पेटीतून काढलेत."

दादाचं मत काळा. "रुपेरीला दम लागतोय." माझं मत रुपेरी. निर्णय झाला नाही. परत येताना भांडलो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी अकरा नंबरची चादर बदलताना आजोबांशी गप्पा मारल्या. म्हणजे मी मारल्या. मॅडम सांगतात, बोलता न येणाऱ्या रुग्णाशी जास्त बोलायचं. माझ्याकडे बोलायला सध्या एकच विषय! दोन्ही लॅपटॉपांचं साग्रसंगीत वर्णन केलं आणि शेवटी विचारलं, "आजोबा, तुम्ही सांगा, काळा की रुपेरी?"

त्यांनी जो ठेका धरला! दोन्ही हात. मध्येच थांबायचे, अंगठा एकदा आपटायचे, पुन्हा सुरू. मी म्हटलं, वा, आज रंगात आहात. मग चादर ताणून सरळ केली, चारी कोपरे दुमडले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मोठ्या सिस्टर — वॉर्डच्या प्रमुख, स्तुतीच्या बाबतीत कमालीच्या चिक्कू — चक्क म्हणाल्या, "चादर या मुलीकडून शिका. एक सुरकुती दिसते का?" दिवसभर हवेत होते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमना कच्ची वही दाखवली. पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, 'रुग्ण बोलू शकत नाही.' त्यांनी ते लाल पेनाने खोडलं आणि बाजूला लिहिलं, 'मग शोधा.'

शोधा! जसं काही आजोबांनी तक्रार खाटेखाली लपवून ठेवली आहे.

पाणी, दुखणं, पंखा, अशी चित्रं असलेला तक्ता त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डोळे बारीक केले, मग मिटूनच घेतले. चष्म्याशिवाय काय दिसणार कप्पाळ! "दुखतंय का?" दोनदा पापणी. "झोप लागली?" एकदा. "काही तक्रार आहे का?" एकदा! "कसली?" आता याला पापणी काय करणार. बोटं आपटत बसले. मला त्यांचं वाईट वाटलं. चादर सरळ करून दिली.

७ फेब्रुवारी, शनिवार

रुपेरीच. ठरलं.

८ फेब्रुवारी, रविवार

ठरलं नाही. वर्गातल्या एकीकडे तोच रुपेरी आहे आणि ती म्हणे सकाळ-दुपार-संध्याकाळ चार्जिंग लावते. औषधासारखं. दादा नुसता माझ्याकडे बघून हसत जेवत राहिला. त्यापेक्षा बोलला असता तर बरं.

९ फेब्रुवारी, सोमवार

आजोबांची एक गोष्ट लक्षात आली. थोडा वेळ बोटं चालली की डावा हात उचलतात आणि छातीवरून उजवीकडे झटकतात. पुन्हा बोटं. पुन्हा झटका. सलाईनची नळी दर वेळी ताणली जाते. मी शहाण्यासारखी नोंद केली: 'बोटांची अस्वस्थ हालचाल. डाव्या हाताने सलाईन ओढण्याचा प्रयत्न. लक्ष ठेवावे.' सुंदर अक्षरात.

दुपारी खरोखरच सुई निसटली. चादरीवर रक्त. मोठ्या सिस्टरनी माझी नोंद वाचली, "निरीक्षण चांगलं आहे तुझं" म्हणाल्या आणि आजोबांचा डावा हात मऊ पट्ट्याने खाटेच्या कठड्याला बांधायला सांगितला. बांधला मीच. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतका सैल, पुस्तकात सांगितलंय तसा.

आजोबा माझ्याकडे बघत होते. दोनदा पापणी मिटली. पुन्हा दोनदा. पुन्हा दोनदा.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तबला बंद. उजव्या हाताची बोटंही हलत नाहीत. रोजच्यासारखं आजही विचारलं, काळा की रुपेरी? त्यांनी भिंतीकडे डोळे फिरवले.

चादरीवर एक सुरकुती नव्हती. मला काही करायलाच उरलं नाही. त्याचं सुख वाटायला हवं होतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

मोठ्या सिस्टरना विचारलं, पट्टा काढू या का? "सुई पुन्हा निघाली तर परत टोचायला शीर कुठे उरली आहे त्यांना?" हेही खरंच. त्या दुष्ट नाहीत. नोंद माझी होती.

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेतेस, घेऊन टाक तो रुपेरी." तिला वाटलं, लॅपटॉपच!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं नीट लिहायचंय. मोत्यासारखं अक्षर आज राहू दे.

केस स्टडी द्यायला चार दिवस उरले म्हणून दादाने ओढतच दुकानात नेलं. मी म्हटलं, द्या कुठलाही. दुकानदाराने रुपेरी खोक्यात भरायला घेतला आणि बिल करणाऱ्या बाईंना हाक मारली. साठीच्या बाई, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या. माझ्याकडे बघत, माझ्याशी बोलत त्यांनी बिल टाइप करायला सुरुवात केली. "कुठल्या वर्षाला आहेस? वॉर्डात उभं राहून पाय दुखतात का गं?" आणि बोटं खाली आपली आपण चाललेली. एकदाही बघितलं नाही. मध्येच अंगठा. पुन्हा बोटं. ओळ संपली तसा डावा हात उचलला आणि उजवीकडे झटकला. हवेतच.

मी ओरडलेच, "हे काय केलंत?"

बाई लाजल्या. "जाईना गं ती सवय. सत्तावीस वर्षं टाइपरायटरवर काढली. ओळ संपली की दांडी सरकवायची, मग पुढची ओळ. आता दांडी नाही, पण हाताला कोण सांगणार?"

मी तिथेच स्टुलावर बसले. तबलजी नव्हतेच ते. ते टाइप करत होते. इतके दिवस, आमच्या डोळ्यांदेखत, चादरीवर! आणि मी नोंद केली — अस्वस्थ हालचाल. आणि हात बांधून टाकला. बोलत्या माणसाचं तोंड दाबावं तसा. मला रडू आलं. दुकानदार घाबरून म्हणाला, "ताई, रंग बदलून देतो की."

बाईंना सगळं सांगितलं. त्या उठल्याच. रुपेरीवर बोटं ठेवली, दोन ओळी मारल्या, नाक मुरडलं. "यावर बोट टेकतच नाही. टेबलावर आपटल्यासारखं वाटतं." मग काळ्यावर मारल्या. "हा बरा. कळ खाली जाते, वर येते. बोटाला कळतं आपण काही लिहिलं ते." जुन्या मराठी टाइपरायटरची अक्षरांची मांडणी त्यात टाकता येते म्हणे, मग चालू करावी लागते. त्यांनी ती करून दिली. कळांवर छापलेलं काही का असेना. "त्यांना कळा बघायच्या नाहीतच. नुसतं बोट जागेवर लावून दे."

काळा घेतला. दादा जिंकला, पण एका शब्दाने चिडवलं नाही. खोकं त्यानेच घरापर्यंत उचललं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ड्यूटीच्या अर्धा तास आधी वॉर्डात. आधी आजोबांना विचारलं, "तुम्ही टायपिस्ट होतात?"

एकदा पापणी. मग बराच वेळ उघडलीच नाही. कडेने पाणी आलं.

मोठ्या सिस्टरना सांगितलं. माझी नोंद चुकली हेही सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं. स्वतः पट्टा सोडला. सलाईनची नळी लांब करून दंडाला चिकटवली, झटका बसला तरी ताणणार नाही अशी. "हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून असं काही मी प्रथमच ऐकलं.

जेवणाचं टेबल आजोबांच्या पुढ्यात ओढलं, काळा उघडून ठेवला. झाकण खरंच घट्ट बसतं, आईला सांगायला हवं. त्यांची बोटं एकेक करून कळांवर लावली. प्लास्टरवाल्या हाताखाली घडी करून टॉवेल दिला. त्यांनी डोळे मिटले. बोटं कळांवरून फिरवली, नुसती, न दाबता.

मग सुरू झाले. पहिलं काय लिहावं? तारीख! उजव्या कोपऱ्यात सरकवून, पूर्ण, वर्षासकट. मग दोन ओळी मोकळ्या सोडल्या. मग: 'वरचा पंखा एकवर करावा. दहा दिवस थंडी वाजत आहे.'

आख्खा वॉर्ड हसला. बारा नंबरवाले तर पोटाचे टाके धरून हसले. मोठ्या सिस्टर धावत बटणाकडे गेल्या. एवढ्यानेच आजोबा दमले, म्हणून मी टेबल बाजूला घेतलं. सांगितलं, तक्रारीचा रकाना उद्या, सावकाश. एकदा पापणी.

आणि चादर सरळ करायला हात पुढे केला, तर त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. का ते कळलं नाही. सलाईन दुखत असेल. चादर तशीच राहू दिली.

१५ फेब्रुवारी, रविवार

केस स्टडी पूर्ण. पहिला रकाना काल आजोबांनी स्वतःच भरला, आज मी तो जशाच्या तसा ठेवला. काना-मात्राही बदलली नाही.

'रुग्णाची तक्रार, रुग्णाच्याच शब्दांत:

विषय — चादर सरळ करण्याबाबत.

महोदया,

आपण मला रोज विचारता, काळा की रुपेरी. मी रोज उत्तर लिहितो, कधी कारणांसह. लिहून होताच आपण चादर सरळ करता आणि जाता. अन्य तक्रार नाही.

काळा.

कळावे.'