पाहुण्यांचं रिकामं ताट

मोहतरमा खालाजान यांना जेद्दाहून भाचा बदरुद्दीनचा सलाम. माळ्यावर चढून सुपारी बघण्याइतका तुमचा गुडघा बरा झाला असं कळलं. म्हणजे आता तो पुन्हा दुखणार, तेव्हा जपा. खालूंचा खोकला कसा आहे? मी, मैमुना आणि पोरं खुशाल आहोत. तुमचा लेक उमैरही खुशाल आहे, अंगानं थोडा भरलाय आणि नमाज चुकवत नाही (हे मुद्दाम आधी लिहिलं, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल). व्हॉट्सॲपवरचा माझा लांबलचक आवाज तुम्ही अर्ध्यात बंद करता, म्हणून सुट्टीवर निघालेल्या इस्मतबरोबर कागदच पाठवतोय.

उमैर सौदीच्या क्रिकेट संघातून खेळतो हे मी मागे सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात. पण खरं आहे. इथे पुरेशी वर्षं राहिलेल्याला घेतात, आणि अरबांना अजून फुटबॉलपुढे काही दिसत नसल्यामुळे संघात बरेचसे आपल्याच बाजूचे आहेत. शहराबाहेर जिथे आम्ही वाळूत गुडघे फोडून घ्यायचो तिथे आता हिरवंगार मैदान झालंय, आणि गेल्या महिन्यात तिथे परदेशी संघाशी दोन सामने झाले. (कुठला देश ते लिहीत नाही. उगाच दोन देशांत बिघडायला नको.) उमैरला त्याआधी दोनदा भोपळाही फोडता आला नव्हता, आणि कोचनं स्पष्ट सांगितलं होतं की या वेळी धावा झाल्या नाहीत तर जागा गेली. पोरगा आठवडाभर धड जेवला नाही.

अशात खेळाडूंच्या जेवणाचं काम माझ्याकडे आलं. इथल्या शराफिया मोहल्ल्यात आपल्या जमातीच्या दावती मी बघतो हे कुणीतरी वर सांगितलं होतं. जेवण हलकं हवं, एवढीच सूचना होती. आपल्यात हलकं म्हणजे बिर्याणीशिवायचं. म्हणून मी बिर्याणी टाळली आणि सांदण, मटण, तांदळाच्या भाकऱ्या नि नारळाच्या रसातला मासा एवढंच केलं (पापलेट मिळालं नाही, इथला नाजिल घेतला, मैमुनाचा राग अजून गेलेला नाही).

पाहुण्यांनी आधी फलंदाजी करून आमच्या गोलंदाजांना धू धू धुतलं. मग मधल्या सुट्टीत सगळे जेवायला बसले. सगळे म्हणजे पाहुणे. गावात बाहेरची टीम आली की आधी ती जेवते, यजमान मागून, हे तुम्हीच आम्हांला शिकवलंत. तेव्हा आमचा संघ हात धुऊन मागे उभा राहिला. अडचण अशी झाली की त्या लोकांत ताटातलं सगळं संपवणं हा शिष्टाचार आहे, आणि आपल्यात पाहुण्याचं ताट रिकामं दिसणं ही यजमानाची नामुष्की. त्यांनी संपवलं की आम्ही वाढायचो, आम्ही वाढलं की ते संपवायचे. दोन्ही बाजू सभ्य, त्यामुळे कुणालाच थांबता येईना. त्यांच्या वेगवान गोलंदाजाच्या डोळ्यांत शेवटचं सांदण वाढताना पाणी आलं. मला वाटलं, त्याला घर आठवलं. पंच बोलवायला आले तेव्हा आमच्या पोरांना तोंडात एकेक खजूर टाकण्यापुरता वेळ उरला होता.

पुढे काय होणार ते तुम्ही ओळखलंच असेल. तो गोलंदाज धावत यायचा तो चालत येऊ लागला. सीमेवरच्या एकानं वाकायचं मनात आणलं आणि पुन्हा मनातून काढून टाकलं. आमचे मात्र उपाशी, त्यांना सामना लवकर आटोपून जेवायचं होतं. उमैरनं ऐंशीच्या वर धावा केल्या आणि आम्ही जिंकलो. दर षटकाला "खलास?" म्हणून विचारणारा फाटकावरचा अरब पहारेकरीसुद्धा उभा राहून टाळ्या वाजवू लागला. मी रडलो, खाला. लपवत नाही.

संध्याकाळी कोच म्हणाला, या धावा सांदणाच्या आहेत, उमैरच्या नाहीत. पाहुण्यांनी तक्रार केली नाही (उलट त्यांच्या कप्तानानं उरलेलं मटण हॉटेलवर मागवून घेतलं), पण माझं काम गेलं. दुसऱ्या सामन्याला काकडीचं सँडविच आणि केळं. पाहुणे नुसते उड्या मारत होते. आम्ही हरलो, पण उमैर शेवटपर्यंत बाद झाला नाही, आणि या वेळी धावा सांदणाच्या नव्हत्या.

तर इथली हकीगत ही अशी. खालूंना सलाम, पोराबाळांना दुआ.

तुमचा भाचा,
बदरुद्दीन

ता. क. उमैरची निवड पक्की झाली. पुढची स्पर्धा ईदनंतर, याच मैदानावर आहे. त्याचा निकाहही तुम्ही ईदनंतरच्या जुम्याला ठरवला आहे, आणि दोन्ही एकाच आठवड्यात येतात. निकाह महिनाभर पुढे ढकलता येईल का, एवढंच विचारायचं होतं.

ता. क. २. नवरीकडची काळजी नको. सहरला उमैरनं आधीच विचारलं. ती म्हणाली, खेळू दे, पण लग्नानंतर मैदानावर मीपण येणार. (तुमच्या आधी सुनेला कळलं याचा राग माझ्यावर काढा.)

ता. क. ३. उमैर इथेच बसला आहे. त्याला सगळं वाचून दाखवलं. म्हणतो, "भाई, अम्मी नाय बोलली तर मी नाय खेळनार. तिला जोर नका करू." नवी जर्सी त्यानं अजून पिशवीतून बाहेरसुद्धा काढलेली नाही. तेव्हा खाला, हो असेल तर फोन त्याला करा. नाही असेल तर मला करा, मी सांगेन त्याला.