माझ्यामागे माझा जामीन

मी, रामीबाई, कै. अमरसिंग आडे यांची पत्नी, वय साठच्या आसपास (जन्म तांड्यात झाला, नोंद कुणी केली नाही), धंदा मोटार स्टँडवरून हातगाडीने पार्सले पोचवणे, राहणार पांढरकवडा, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. छातीत दुखते, पण लिहायचे काम छातीला नाही. मला कुणी धाक घातलेला नाही. कुणी गोड बोलूनही बसवलेले नाही. गोड बोलायला घरात कुणी नाही.

हा कागद करण्याचे कारण आधी सांगते.

युनूस, वल्द कै. अब्दुल गनी, मोटार मिस्त्री, वय सत्तावीस, याने भागीदाराच्या जीपसाठी जामीन म्हणून सही केली. भागीदार जीप घेऊन अदिलाबादकडे गेला तो गेला. देणे युनूसच्या अंगावर आले आणि कोर्टाने त्याला नादार ठरवले. मागच्या साली कोर्टाने मोकळे केले. कोर्टाने मोकळे केले तरी गावाने केले नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात त्याला उधार मिळेना, बँकेत त्याला कुणी बस म्हणेना. तेव्हा मी माझी एक हजार रुपयांची मुदत ठेव येथील सहकारी बँकेत गहाण ठेवली आणि तिच्यावर त्याला वेल्डिंगच्या सामानासाठी आठशे रुपये कर्ज मिळाले. हप्ते छत्तीस. आजवर चार भरले.

बँकेचे मॅनेजर मला म्हणाले, "बाई, तुम्ही आहात तोवर ठीक आहे. तुमच्यामागे वारसाने ठेवीवर हक्क सांगितला तर भानगड होईल. मग मला सगळे कर्ज एकदम मागावे लागेल. लिहून ठेवा."

एकदम मागितले तर युनूस देऊ शकत नाही. सामान जाईल आणि त्याचे नाव दुसऱ्यांदा बुडेल. एकदा बुडालेल्या माणसाला निदान कुणी विचारते की कसे झाले. दुसऱ्यांदा विचारत नाहीत. म्हणून लिहिते.

कलम १. माझी वर सांगितलेली ठेव युनूसचा शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत बँकेतच गहाण राहावी. माझे कायद्याने वारस माझे दीर किसनसिंग हे आहेत. त्यांनी किंवा त्यांच्या मुलांनी ठेवीवर हक्क सांगू नये. कर्ज फिटल्यावर ठेव युनूसच्या नावावर करावी, रोख देऊ नये. बँकेत त्याच्या नावावर काही आहे असे दिसले म्हणजे पुढचा कारकून त्याला खुर्ची देईल.

एका मुसलमानाच्या पोरासाठी मी हे काहून केले असे तांड्यात विचारतील. त्यांना कलम दोन वाचून दाखवावे.

कलम २. हे कलम देण्याघेण्याचे नाही, पण मला ते इथेच लिहायचे आहे.

आमचे लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरत. त्याला लदेणी म्हणत. लदेणीचा नेम असा की पाठीवर घेतलेला माल पोचला नाही तर भरून द्यायचा. चोराने नेला, नदीने नेला, काही असो. कागद नसे. अमरसिंगांनी सन १९४८ मध्ये जुना ट्रक घेतला, पण नेम तोच ठेवला. पुढच्या वर्षी राळेगावहून रुईच्या गाठी आणताना ट्रकला आग लागली. गाठी जळाल्या, ट्रकही जळाला. हे चालत राळेगावला परत गेले आणि जिनच्या आवारात दहा माणसांसमोर बोलले, "माल माह्या गाडीवर जळला. माल मी भरून देईन."

पुढे यवतमाळच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. "अमरसिंग, हे तू बोललास कशाला? कुणाचा दोष, किती भरपाई, हे ठरायचं होतं अजून."

हे म्हणाले, "मंग काय म्हनू वकीलसाहेब? जळला नाही म्हनू?"

गाठींचे मालक भगवानराव अडते होते. त्यांची फिर्याद झाली. ती पाहून बाकीचेही आले. यांनी नादारीचा अर्ज केला. बैल, गाड्या, माझी चांदी, सगळे कोर्टाच्या माणसाकडे दिले. वकील म्हणाले, आता तुम्ही मोकळे. हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. दीड वर्ष असेच होते. सन १९५२ च्या पौषात गेले. शेवटी ताप होता, पण ताप हे निमित्त.

त्या वर्षापासून माझ्या दारात कुणी बसले नाही. होळीला लेंगी म्हणणाऱ्या बायका दारावरून गेल्या, त्यांनी पाय उचलून टाकले ते मला आतून ऐकू आले. लग्नाच्या अक्षता शेजारच्या घरापर्यंत येत. नादारी हा काही रोग नाही, पण लोक भांडे वेगळे ठेवतात. आता परत बोलावतात. लेंगीवाल्याही थांबतात. पण दार उघडायची माझी सवय गेली. त्यांना वाटते मी राग धरला. राग नाही, सवय गेली.

मी हातगाडी घेतली. पार्सलावरच्या चिठ्ठ्या पाहून अक्षरे शिकले. आधी मुकुटबन वाचता आले, कारण मुकुटबनची पार्सले रोज असत आणि नाव लांब असल्याने लक्षात राही. नंतर माणसांची नावे. नंतर पुड्यांचे कागद. मुलींच्या शाळेच्या कांताबाई गुरुजी मला पुस्तके देऊ लागल्या.

सन १९५७ मध्ये थोडे पैसे साठले म्हणून बँकेत गेले. कारकून म्हणाला, "बाई, वळख पाहिजे."

"सारं पांढरकवडा वळखते मले."

"तशी नाही. खातेदाराची सही पाहिजे. अन् तुमच्या मालकाचं नाव..." पुढचे त्याने गिळले.

खाते दिराचे होते. मी किसनसिंगकडे गेले. ते म्हणाले, "भोजाई, तुह्या नावाखाली माही सही गेली तर उद्या मले कोन उभं करन?"

मी म्हटले, "उभं कायले राह्यतं किसन, सही बसूनच करा लागते." ते हसले नाहीत. सहीही केली नाही.

दुसऱ्या दिवशी युनूसचे वडील अब्दुल गनी मिस्त्री स्टँडवर भेटले. बँकेत त्यांचेही खाते होते. ट्रकच्या दुरुस्तीचे त्यांचे दोनशे साठ रुपये आमच्या नादारीत बुडाले होते. त्यांच्यासमोर मी मान वर करत नसे. त्यांनीच विचारले, "भाभी, बँकेतून वापस आल्या म्हने?" आणि माझ्याआधी बँकेत जाऊन उभे राहिले. हाताला काळे तेल होते. कारकून दौत मागे ओढत होता. त्यांनी हात पायजम्याला पुसला आणि सही केली.

मी म्हटले, "गनीभाई, तुमचे तं आमच्यात पैसे बुडाले."

"म्हनून तं माही सही चालते. ज्याचे बुडाले नाही त्याले काय मालूम, मानूस कसा हाय?"

माझे खाते त्या सहीवर निघाले. नंतर मी त्यांना महिन्याला पाच रुपये देऊ लागले. ते म्हणाले, "अदालतीनं माफ केलं ना, भाभी?" मी म्हटले, "अदालतीनं केलं. मी नाही केलं." त्यांनी घेतले. नाटक केले नाही, घर मोठे होते त्यांचे. दोनशे साठ पुरे झाले आणि त्याच साली ते वारले.

तांड्याला एवढे पुरे.

कलम ३. भगवानराव अडते यांच्याबद्दल मी नऊ वर्षे वाईट बोलले. त्यांच्या दुकानाचे एकही पार्सल उचलले नाही. ते बोलणे मी या कागदाने परत घेते.

कारण असे. सन १९५९ मध्ये मी पेटी झाडताना एक पाकीट सापडले. ते आगीनंतर आठ दिवसांनी आले होते. तेव्हा मी म्हटले होते, कुणाकडून तरी वाचून घ्या. हे म्हणाले, "एकाले वाचाले देलं तं सारा गाव वाचन. मागनीचंच असन." आणि पेटीत तळाला घातले. दहा वर्षांनी ते मीच वाचले. भगवानरावांनी लिहिले होते की गाठींचा विमा होता, बरीच रक्कम मिळेल, तू दहा माणसांसमोर बोललास त्याला मी धरून बसत नाही, येऊन भेट, उरलेले सोयीने फेड.

मी ते दोनदा वाचले. मग भाकरी केली. मग खाल्ली नाही.

चार दिवसांनी एसटीने राळेगावला गेले. भगवानराव म्हातारे झाले होते. पत्र पाहून म्हणाले, "पंधरा दिवस वाट पाहिली मी, बाई. तुमचे मालक आले नाहीत. मला वाटलं, मगरूर आहे."

"आम्हाले वाचता येत नव्हतं."

"मग विचारायचं होतं कुणाला."

"लाज वाटली."

त्यांनी पत्राची घडी करून माझ्या हातात दिली. चहा मागवला. मी प्यायले. विमा मिळूनही फिर्याद का केली हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. तेवढे त्यांच्याकडे राहिले. बाकी त्यांच्याकडे माझे काही नाही.

ते पत्र माझ्याबरोबर जाळावे. कुणाला वाचायला देऊ नये. यांची तशी इच्छा होती.

कलम ४. राहते घर, दोन खोल्या, वर टीन, हे किसनसिंग यांना द्यावे. त्यांनी सही केली नाही याचा राग मी धरलेला नाही असे लिहिले तर खोटे होईल. धरला आहे. पण घर त्यांच्या भावाने बांधले आणि विटा त्यांनीही वाहिल्या. कलम १ ला त्यांनी हरकत घेतली तर मात्र घर त्यांना न देता विकावे आणि त्यातून युनूसचे कर्ज भरावे. किसन, हे तुला आता वाचून दाखवत असतील. विचार करून बोल.

कलम ५. हातगाडी स्टँडवर ओझी उचलणाऱ्या लालीबाईला द्यावी. उजवे चाक उतारावर ओढते, तिने डाव्या बाजूने धरावी. गाडी तिची, पण पार्सल आधी वाचून मग उचलायचे. तिला वाचता येत नाही. कांताबाई गुरुजींनी तिला शिकवावे, ती नाही म्हणेल तरी.

कलम ६. माझी पुस्तके, एकोणीस, मुलींच्या शाळेला. बचत खात्यात जे असेल त्यातून माझी क्रिया करावी. जेवण घालू नये. माझ्याकडे जेवायला यायची सवय कुणाला नाही, मेल्यावर नव्याने लावू नये. उरेल ते लालीबाईच्या नावाने त्याच बँकेत खाते काढून त्यात टाकावे. ओळख म्हणून सही लागेल. ती कांताबाईंनी करावी. त्यांचे खाते आहे.

कलम ७. या कागदाप्रमाणे सर्व काम कांताबाई गुरुजींनी पाहावे. त्यांना त्याबद्दल काही देत नाही, त्या घेणार नाहीत. अडचण पडली तर मॅनेजरना विचारावे, पण विचारायला स्वतः जावे, चिठ्ठी पाठवू नये.

कलम ८. हे युनूससाठी.

बेटा, मी तुला पैसे दिलेले नाहीत. पैसे दिले असते तर तू माझे पाय धरले असते आणि लोकांनी तुला दान घेणारा म्हटले असते. मी माझे नाव दिले आहे, ते तुला सांभाळायचे आहे. हप्ता दुसऱ्याच्या हाती पाठवू नकोस. पैसे कमी पडले तर घरात निजू नकोस, त्याच दिवशी जाऊन मॅनेजरसमोर उभा राहा आणि किती कमी आहे ते सांग. आम्ही गेलो नाही. ज्याला आम्ही रागावलेला समजलो तो माणूस पंधरा दिवस दाराकडे बघत बसला होता.

तुझा हप्ता दहा तारखेला असतो आणि बँकेची खिडकी दोनला बंद होते. मी जर दहा तारखेला मेले तर तू आधी बँकेत जायचे. रांग असली तर रांगेत उभे राहायचे. पावती घ्यायची, तारीख पाहायची, मग माझ्याकडे यायचे. लोक म्हणतील, म्हातारीला उचलायला पोरगा आला नाही. म्हणू दे. तू येईपर्यंत मला उचलायचे नाही असे मी कांताबाईंना सांगून ठेवले आहे. मला थांबायला काही अडचण नाही.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः वाचले. दुसऱ्याकडून वाचून घेतलेले नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही, पुढे केला तर त्यावर तसे लिहीन.

स्थळ: पांढरकवडा
दिनांक: ८ मार्च १९६५

सही: रामीबाई अमरसिंग आडे

रामीबाईंनी आम्हा दोघांच्या देखत सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली.

साक्षीदार १: कांताबाई वामन देशकर, शिक्षिका, मुलींची शाळा, पांढरकवडा
साक्षीदार २: जफर शेख महबूब, चहाचे दुकान, मोटार स्टँड, पांढरकवडा