पियानो लावणारा टर्नर

बाबा, तुम्ही अख्ख्या कॉलनीला समजावून सांगितलेला तो जुना इंग्रजी विनोदी चित्रपट मी या आठवड्यात पुन्हा लावला. नागपुरातल्या माझ्या फ्लॅटमध्ये, कम्प्युटरवर, एकटीने. चित्रपट अजूनही उत्तम आहे. हॉलिवूडने कृष्णधवल काळात असे पुष्कळ काढले: श्रीमंत घरची हट्टी मुलगी आणि एक सरळ, गोंधळलेला माणूस शेवटपर्यंत भांडतात आणि मग लग्न करतात. यातली मुलगी स्वतःच्या साखरपुड्यातून पळते आणि पियानोचे सूर लावायला आलेल्या माणसाला सोबत ओढते. पियानोत एक बदक बसलेले असते. ते तिथे का, हे कोणी विचारत नाही. दोघे एकाच वेळी बोलतात, कोणी कोणाचे ऐकत नाही, आणि तरी दर वाक्याला ती त्याच्या जवळ सरकते. एक शब्द वाया गेलेला नाही. कॉलेजात इंग्रजी शिकवताना मी मुलांना सांगत असे, प्रेमात माणसे हळू बोलतात हा गैरसमज आहे.

ती रात्र अजून डोळ्यांसमोर आहे: खापरखेड्याच्या क्लबच्या मैदानात दोन बांबूंना पांढरा पडदा बांधलेला आहे. वीज केंद्रातली पाळी संपवून तुम्ही सतरंजीवर बसला आहात, शेजारी आई. ती विचारते, "काय म्हणून राहिली जी थे बाई?" तुम्ही मोठ्याने सांगता, "म्हणून राहिली, तू टर्नर आहे त काय झालं, माह्या बापाले भेतं काहून?" मागून कोणीतरी ओरडतो, "टर्नर? आपल्या वर्कशॉपातला काय गा?" तुम्ही वळून त्याच्या तोंडाकडे पाहता आणि म्हणता, "मंग! साहेबानं बेगारीले बोलावलं त्याले घरी." मैदानभर हशा. लेथवर काम करणारा माणूस पियानोत डोके घालून काय करतोय, अशी शंका कोणालाही येत नाही. मी बी.ए.ला आहे, मला राहवत नाही. "बाबा, टर्नर नाही, ट्यूनर. सूर लावणारा." "थेच त सांगून राहिलो. टर्नर." आई माझ्याकडे वळते, "कॉलेजात हेच शिकली काय वं, बापाले शिकवाले?" शेवटी नवरी त्याला मिळाली तेव्हा वर्कशॉपवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. बाबांना इंग्रजी येत नाही, असे मी ठरवले आणि विषय संपवला.

मागच्या महिन्यात माझे कान तपासले. काचेच्या खोलीत बसवून एक मुलगी शब्द म्हणते, आपण ते परत म्हणायचे. ती म्हणाली भात, मी ठामपणे म्हटले हात. ती म्हणाली वीट, मी म्हटले नीट. ती पुन्हा म्हणाली, मी पुन्हा तेच, जरा चिडून. डॉक्टरांनी सांगितले, डावा कान जवळजवळ गेला आहे, उजवा त्याच वाटेवर आहे. यंत्राने आवाज वाढेल, शब्द सुटे होणार नाहीत. मग या आठवड्यात चित्रपट लावला तर त्या पळालेल्या नवरीचे तोंड हलत होते आणि भांडी घरंगळल्यासारखा आवाज येत होता. तेव्हा समजले. इतकी वर्षे तुम्ही टर्बाइनशेजारी, कानात कापूससुद्धा नाही. प्रश्न इंग्रजीचा नव्हताच. शेजारी बसून मी सांगितलेला शब्दही तुम्हाला टर्नरच ऐकू आला होता. सगळा चित्रपट तुम्ही चेहऱ्यांवरून रचलात. आईलाही तुम्ही असेच, तोंडाकडे पाहून, उत्तरे देत होता का? कधीपासून? कोणाला सांगितले होते का? मला ती कला येत नाही. मी जन्मभर शब्दांवर भिस्त ठेवली, आणि या वयात काही नवे शिकणे होणार नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचे नाही, म्हणून लिहिते. पुण्याला असलेल्या माझ्या मुलीला कानांचे सांगितलेले नाही. ती ऑफिसातून परतताना गाडीतून फोन करते, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नाही. परवा ती बराच वेळ काही सांगत होती, मग थांबली. थांबली, एवढेच कळले. मी म्हटले, "हो, चालेल." कशाला होकार दिला, मला माहीत नाही. ती हसत होती की रडत होती, तेही सांगता येणार नाही.