मिहवाताईसाठी शेवाळाचं सूप

मिहवाताई,

झाकण खडखडलं, तशी मी शेगडी बंद केली. तू उठली नाहीस, हायसं वाटलं.

वाढदिवस नको म्हणालीस, म्हणून केक आणला नाही. पण समुद्री शेवाळाचं सूप केलंय. त्यात घालायला मांस घेताना जर्मन खाटीक म्हणाला, "गुलाश का?" मी इतकी दमले होते की त्यांच्या त्या मांसाच्या रश्श्यालाच हो म्हटलं.

तुझी आई गेली आणि परीक्षेमुळे तुला कोरियाला जाता आलं नाही, तेव्हापासून तू नुसत्या पावावर आहेस. तिच्या हातची चव नसेल, तरी वाटीभर घे. रागाव हवं तर, पण जेवून.

लेक्चरला पळतेय. माझ्या लेकीला, सोराला, आत्ताच सांगितलं, कोरियात बाळंत झाल्यावर आई हे सूप पिते, म्हणून लेकरानं दर वाढदिवसाला प्यायचं. बूट चढवताना ती विचारतेय, "मग आज मावशीच्या आईला कोण देणार?"