अण्णांच्या वाट्याच्या गोळ्या

अण्णा, तुम्ही रोज सकाळी चहाआधी घ्यायचात ती हृदयाची गोळी आता जंतूंवर वापरून बघतायत. परवा मी एका व्याख्यानाला गेले होते. एक तरुण मुलगी पडद्यावर चित्रं दाखवत होती: औषधाला न जुमानणारे जंतू आणि त्यांना वठणीवर आणायला मदत करणारी हृदयाची जुनी औषधं. लोक माना डोलवत होते. मी मागच्या रांगेत बसून होते. आम्ही हे ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, शुगर लँडच्या माझ्या स्वयंपाकघरात करून पाहिलंय, असं उठून सांगावंसं वाटलं नाही. तेवढं सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

तुम्ही सहा महिन्यांसाठी आला होतात आणि सहा महिन्यांच्या गोळ्या दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात भरून आणल्या होत्यात. इथे विम्याशिवाय डॉक्टरची पायरी चढायची सोय नव्हती. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात जन्मभर कंपाउंडर असलेला माणूस तुम्ही, गोळ्यांचा हिशोब चुकणं शक्यच नव्हतं. मी सकाळी गाडी काढून ह्यूस्टनच्या लॅबला जायची, तुम्ही दिवसभर एसीची घरघर ऐकत बसायचात. संध्याकाळी मी दारातून आत आले की नव्या नर्सला विचारावं तसं विचारायचात, "आज काय केलंस?" दुसरं कोणी विचारत नसे, म्हणून मी सगळं सांगायची.

एका पेशंटच्या पायाच्या जखमेतला जंतू आमच्याकडे आला होता. होडीत शिरलेलं पाणी उपसून टाकावं तसा तो आत शिरलेलं औषध बाहेर फेकायचा. वरच्या मजल्यावर कॅन्सरवर संशोधन करणारे होते. त्यांच्या पेशीही असंच करायच्या, आणि हृदयाच्या एका औषधाने हे उपसणं अडतं असं त्यांना दिसलं होतं. मी बॉसला म्हटलं, जंतूंवर करून बघू या. तो म्हणाला, शुद्ध पावडर मागवू, स्प्रिंगमध्ये, म्हणजे थंडी सरल्यावर, बघू. माणूस वाईट नव्हता, त्याला घाई नव्हती इतकंच.

"तो पेशंट आहे ना अजून?" तुम्ही विचारलंत.

"आहे. पाय वाचतो का बघतायत."

"मग तो कसा थांबेल स्प्रिंगपर्यंत? तेच औषध माझ्या डब्यात आहे की."

"अण्णा, टॅब्लेटमध्ये स्टार्च असतो, काय काय फिलर असतात. असा रिझल्ट कोणी अ‍ॅक्सेप्ट करत नाही."

"रिझल्टचं नंतर बघ. आधी होतंय का ते तरी कळू दे. गाळून घेऊ."

तुम्ही माझा मसाल्याचा खलबत्ता तीनदा धुतलात, तरी वेलदोड्याचा वास येतो म्हणून चौथ्यांदा धुतलात. कॉफीच्या फिल्टरमधून गाळलंत. मी बत्ता जोरात आपटला तर म्हणालात, "वाटण करत नाहीयेस." मला राग आला होता. पीएच.डी. माझी होती. पण तुमचा हात बघत राहिले, कारण तसा हलका हात मला आजही जमत नाही. दुसऱ्या दिवसापासून भुकटीची पुडी सकाळी माझ्या गाडीच्या किल्ल्यांशेजारी ठेवलेली असायची, कंपाउंडर बांधतात तशी, दोन्ही टोकं एकमेकांत अडकवलेली.

लॅबमध्ये जंतू वाढवायच्या काचेच्या बशा असतात, त्यातल्या पहिल्या बशांमध्ये काही दिसलं नाही. मग प्रमाण वाढवलं. तिसऱ्या आठवड्यात एका बशीत जंतू मेलेले दिसले. नुसतं अँटिबायोटिक असलेल्या बशीत ते मजेत होते, नुसती तुमची गोळी असलेल्या बशीतही मजेत होते. दोन्ही एकत्र होतं तिथे साफ. लॅबमधून तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "बरं. पुन्हा करून बघ." तुम्हाला आनंद झाला होता हे मला आवाजावरून कळलं. पुन्हा करायचं म्हणजे पुन्हा पुड्या लागणार होत्या. त्या येत राहिल्या.

शेवटी बॉसने पावडर मागवली. तीच गोष्ट शुद्ध पावडरनेही झाली. मग त्याने फळ्यावर गणित मांडलं. जंतूला पुरेल इतकं औषध माणसाच्या अंगात घातलं तर जंतूआधी हृदय बंद पडणार होतं. विषय मिटला. त्या पेशंटचा पाय कापला. तुम्ही तोवर परतीच्या तयारीला लागला होतात. "जमलं" एवढंच मी तुम्हाला सांगितलं.

परत गेलात आणि पंधरा दिवसांत तुम्ही गेलात. आईचं पत्र आलं: "तिकडे असताना अर्धीच गोळी घेत होते म्हणे, तुझ्या प्रयोगाला पुरावी म्हणून. मला शेवटी सांगितलं. तुला गं कुठलं माहीत असणार." डॉक्टर म्हणाले, वय होतं, प्रवासाची दगदग झाली. तसंही असेल. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवलं. आईला मी उलट टपाली लिहिलं की मला खरंच काही माहीत नव्हतं. तिने ते पत्र नातेवाइकांना दाखवलं, सगळ्यांनी माझी समजूत घातली. आईही आता नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून त्या दिवसांतली एक सकाळ लिहून ठेवते.

तिसरा आठवडा संपत आलाय. बशी साफ झालेली मी काल पाहिली आहे, प्रयोग अजून दोनदा करायचाय. मी रोजच्यापेक्षा लवकर उठून येते. तुम्ही ओट्याशी पाठमोरे उभे आहात. सुरीने गोळीचे दोन तुकडे करता, एक तोंडात टाकता, दुसरा खलात. मला सगळं स्वच्छ दिसतं. मी तशीच चार पावलं मागे जाते, मग सपाता वाजवत पुन्हा आत येते आणि विचारते, "अण्णा, आजची पुडी झाली का?"